बसलेली गाडी

अम्मीची इद्दत काल संपली. नवऱ्यामागचे चार महिने दहा दिवस ती सणसरच्या घरातून बाहेर पडली नव्हती. आज तिला कन्हेरीला जायचं होतं, अंथरुणाला खिळलेल्या तिच्या बहिणीला, माझ्या खालाला भेटायला. अट एकच. "तुझ्या अब्बांच्या गाडीनं. न्हायतर न्हाय."

मी उद्या पुण्याला परतणार होते. आज ती निघाली नाही, तर पुन्हा कधी उंबरा ओलांडेल याची मला खात्री नव्हती.

किल्ली फिरवली. गाडी गप्प. दिवासुद्धा लागला नाही.

शेजारच्या शेतातल्या म्हस्कूतात्यांना फोन केला. अब्बांना बारामतीच्या दवाखान्यात त्यांनीच आपल्या जीपमधून नेलं होतं. ते ट्रॅक्टर आणि दोन जाड वायरी घेऊन आले.

"बॅटरी बसली, तात्या."

"बसणारच. वैनी इद्दतीत बसल्या, मग गाडी एकटी कुठं फिरंल?"

अम्मी ओट्यावरून म्हणाली, "सगळं बसलं, भावजी. तुमचं तोंड तेवढं बसत न्हाय."

तात्यांनी बॉनेट उचललं आणि हातातल्या वायरी खाली ठेवल्या. "शबीना, हितं ये."

बॅटरीची एक वायर सोडवून बाजूला वळवली होती. तिच्या टोकाला फडकं गुंडाळून दोन गाठी मारल्या होत्या.

"गाडी लई दिस उभी ऱ्हायची असली की असं करत्यात. बॅटरी उतरत न्हाय." तात्यांनी बोटानं गाठी चाचपल्या. "महंमदभाईला ठावं व्हतं म्हनायचं."

दवाखान्यात निघताना अब्बा दहा मिनिटं गाडीपाशी रेंगाळले होते. मी जीपमधून ओरडले होते, "अब्बा, आता गाडीत काय बघायचंय? उशीर होतोय." ते हात पुसत आले, "झालं" म्हणाले आणि बसले. तेव्हापासून माझा तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता. ते तिथं काय करत होते, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

तात्यांनी पाना माझ्या हातात दिला. मी गाठी सोडल्या, वायर जागेवर बसवली, नट आवळला.

अम्मीनं फडकं उलटसुलट करून पाहिलं. "माझ्या हिरव्या पातळाचा काठ. किती हुडकलं मी. फाडायचं तर सांगायचं तरी."

दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. मी आभार मानायला गेले, तर तात्या म्हणाले, "माजं कशाला? मी नुसता ट्रॅक्टर फिरवून आनला." पण गाडी रस्त्याला लागेपर्यंत ते फाटकाशी उभे होते.

अम्मी पुढच्या सीटवर होती. काठाची घडी तिच्या मुठीत होती. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या मागे पडल्यावर ती म्हणाली, "संध्याकाळी वायर काढू नको."

"का?"

"पुढच्या जुम्याला परत जाईन म्हणते. भावजी चालवतील."