मरून राहिले

बॅनर नांदेडच्या सभागृहाच्या दारातूनच दिसत होता. शिल्पाने चपलेचा पट्टा सरळ करायला म्हणून मान खाली घातली, पुन्हा वर पाहिलं, तरी अक्षरं तीच होती. ‘मरूनही राहिले’. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, कै. तारामती अण्णाराव येवतीकर यांच्या कवितांचं प्रकाशन.

आईच्या कविता तिनेच टाइप करून संपादकांकडे पाठवल्या होत्या. लातूरच्या आपल्या दोन खोल्यांत बसून, एकेक शब्द आईच्या तोंडून ऐकल्यासारखा. संग्रहाला नाव दिलं होतं ‘मरून राहिले’. मधला ‘ही’ तिने घातला नव्हता.

“सर, हे काय?”

विरूपाक्ष सर स्टेजच्या पायरीशी पाहुण्यांना हार कुणी घालायचे ते सांगत होते. संग्रहाचे संपादक, लातूरचे निवृत्त प्राध्यापक. शिल्पा त्यांच्या हाताखाली शिकली होती, पुढे त्याच शहरात स्वतः मराठी शिकवू लागली होती. त्यांनी बॅनरकडे कौतुकाने पाहिलं.

“तुला सांगायचं राहून गेलं. अगं, ‘मरून राहिले’ म्हणजे अर्धवट वाटत होतं. मरून कुणी राहतं का? एक ‘ही’ घातला आणि बघ, ओळ कशी उभी राहिली. मृत्यूवर मात केली तुझ्या आईनं.”

“मात नाही केली सर. मेली ती.”

“तू आत्ता दुःखात आहेस,” सर म्हणाले आणि हारांकडे वळले.

पहिल्या रांगेत तिचे वडील, अण्णाराव, बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर टोपी. धर्माबादेहून तीन जीपा भरून माणसं आणली होती त्यांनी. मिरचीच्या बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि बायको कवयित्री होती हे आता, ती गेल्यावर, ते भेटेल त्याला सांगत होते. शिल्पा त्यांच्या शेजारी टेकली.

“अण्णा, नाव बदललंय. पाहिलं का तुमी?”

“पाह्यलं की. सरांनी फोन करून इचारलं होतं मला.” ते तिच्याकडे न बघता बोलले. “लई चांगलं केलं त्यायनी. आधीचं जे होतं ते वाचून लोकं काय म्हनले असते? मलाच बोलले असते.”

तिची कानशिलं तापली. म्हणजे सरांना विचारायला माणूस सापडला होता. नेमका हाच सापडला होता.

कार्यक्रमाच्या आधी परिसंवाद होता, ‘बाईचं लिहिणं, बाईचं जगणं’. उदगीरच्या जगदेवीताई आणि नांदेडच्याच कहकशां, दोघीही तारामतीच्या मैत्रिणी. तारामतीची तिसरी खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर फोटो ठेवला होता. सूत्रं सरांच्या हाती.

“जगदेवीताई, कवितेला घरून विरोध झाला का?”

“विरोध करायला वाचावं लागतं सर,” जगदेवीताई म्हणाल्या. “आमचे मालक पेपरात फोटो तेवढा बघतात. म्हणतात, पदर नीट घ्यायचास की.”

सभागृह हसलं. अण्णारावही हसले.

“कहकशांजी, तुमचं कौतुक वाटतं. इतकी शुद्ध मराठी तुम्हाला कशी जमली?”

“सर, माझे वडील भांड्यांना कल्हई लावायचे, गावोगाव. मी मराठी शाळेत बसले, मराठीत नापास झाले, मराठीतच पास झाले. हा प्रश्न तुम्ही जगदेवीताईंना नाही विचारला. त्यांच्या घरी तर कन्नड बोलतात.” कहकशां हसत होती, पण हसू ओठांपुरतंच होतं. “आणि खरं सांगू? मला शुद्ध मराठी येत नाही. मी कविता आधी तारामतीताईला फोनवर वाचून दाखवायची. ती म्हणायची, हे कोण बोलून राहिलं? तू का तुझी बाई? म्हणजे शाळेतली बाई. मग मी परत लिहायची.”

हे कोण बोलून राहिलं. शिल्पाला आईचा आवाज जसाच्या तसा ऐकू आला आणि तिने मुठीत साडीचा काठ घट्ट धरला.

आईने सांगितलं होतं. हेच तर सहन होत नव्हतं. न सांगता सोसलं असतं तर त्या सोसण्यावर भाषणं करता आली असती. पण तिने स्वच्छ सांगितलं होतं. अंगावरून लई जाऊन राहिलं, चक्कर येऊन राहिली, मला नांदेडला दाखवा. अण्णा म्हणाले, सीझन उरकू दे. मिरचीचा सीझन उरकला, मग भावकीतलं लग्न निघालं. ते उरकलं तेव्हा पिशवीतला कॅन्सर पसरला होता. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं होतं, इतके दिवस काय करत होता? अण्णांनी आईकडे पाहिलं होतं, जणू प्रश्न तिला होता.

“आता कन्येच्या हस्ते प्रकाशन,” सरांनी पुकारलं. “शिल्पा, आधी शीर्षक-कविता वाच.”

ती वर गेली. लाल कागदात बांधलेला गठ्ठा ताटात होता. तिने फीत सोडली नाही. माइक जवळ ओढला आणि पाठ असलेली कविता म्हटली. वर्गात बोलायची तशी नाही. चुलीपुढे बसून आई म्हणायची तशी.

भाकर थापून राहिले,
पाणी शेंदून राहिले,
मिरच्या निवडून राहिले.
तुमी इचारलं, काय करून राहिली?
म्हनलं, मरून राहिले.
तुमी म्हनले, बरं.
तिखट जरा कमी टाक.

शेवटच्या ओळीला बायकांच्या बाजूने हसू फुटलं. मोठं, मोकळं हसू. मग ते एकेका रांगेत विझत गेलं. मागे कुणीतरी “अगं माय” म्हणालं. पहिल्या रांगेत अण्णाराव टोपीची घडी मोडत होते, घालत होते.

सर माइकपाशी सरकले. “मूळ पाठात आपण थोडा संस्कार केला आहे...”

“सर, तुमच्या लातूरला ‘मरायले’ म्हणतात,” शिल्पा म्हणाली. “तुम्ही घरी म्हणत असाल. आमच्याकडं ‘मरून राहिले’ म्हणतात. आत्ता, या घडीला, तुमच्यासमोर. भाकर थापून राहिले म्हणजे थापूनही राहिले का? पाणी शेंदूनही राहिले? तिथं तुम्हाला ‘ही’ घालावासा वाटला नाही. तिथं बाई काय म्हणते ते समजलं तुम्हाला.”

“शिल्पा, एका अक्षरासाठी आईच्या कार्यक्रमात...”

“डॉक्टरला सांगतात तसं सांगितलंय बाईनं,” कहकशां खुर्चीवरूनच बोलली. “तुम्ही त्याचा विजय करून टाकलात सर. विजय झाला की कुणाला काही विचारायचं राहत नाही.”

“आणि खालच्या दोन ओळी?” जगदेवीताई म्हणाल्या. “बायको म्हणते मी मरूनही राहिले, त्यावर नवरा म्हणतो बरं, तिखट कमी टाक? कशाला कशाचा मेळ हाय का? वाचलं तरी का कुणी?”

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी वाचलं नसावं असं नव्हे. ‘ही’ सापडल्यावर पुढचं वाचायची त्यांना गरज वाटली नव्हती. “प्रती छापून झाल्यात,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता काय करणार?”

शिल्पाने ताट उचललं. “गठ्ठे कुठं आहेत?”

सभागृहात चहा सुरू झाला. धर्माबादच्या जीपांमधली माणसं प्लेटी घेऊन उभी राहिली. बाहेर पायऱ्यांवर गठ्ठे फोडून तिघी बसल्या. कहकशांच्या पर्समध्ये काळा मार्कर निघाला, जगदेवीताईंनी नोंदणीच्या टेबलावरचे दोन उचलून आणले. मुखपृष्ठावरचा ‘ही’ आधी, मग आतल्या पानावरचा, मग कवितेतला. कागद गुळगुळीत होता, शाई पसरत होती. शिल्पा फुंकर घालायची आणि प्रत बाजूला ठेवायची.

“जरा जाड खोड ग,” जगदेवीताई म्हणाल्या. “खालून दिसून राहिलाय.”

“तुम्ही कधीपासून आमच्यासारखं बोलायला लागलात?” शिल्पाने विचारलं.

“आत्तापासून.”

हसता हसता शिल्पाच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते मनगटाने पुसलं. हाताची शाई गालाला लागली, ते तिला कळलं नाही.

पायरीवर सावली पडली. अण्णाराव उभे होते. टोपी हातातच होती. खालून जीपवाला हॉर्न वाजवत होता, पण ते निघत नव्हते. तिने खोडलेल्या प्रतींकडे पाहत राहिले. काय बोलावं याचा शोध घेत असावेत, आणि त्यांना आयुष्यभर जे बोलायची सवय होती तेच तोंडातून आलं.

“काय करून राहिली?”

जगदेवीताईंचा हात थांबला. कहकशांने मान वर केली. अण्णारावांनाही आपण काय विचारलं ते ऐकू आलं असावं, कारण त्यांचे ओठ उघडेच राहिले.

शिल्पाने वर पाहिलं नाही. पुढची प्रत मांडीवर घेतली.

“खोडून राहिले,” ती म्हणाली.

ते ‘बरं’ म्हणाले नाहीत. हॉर्न वाजत राहिला आणि ती खोडत राहिली.