राजेंचा विराम

"मान वर कर," मेकअपवाली म्हणाली.

चिमणीने मान वर केली. मेकअपवालीने आरशावरचा दिवा ओढून जवळ आणला, बोटावर रंग घेतला आणि गळ्यावरचे डाग बुजवायला सुरुवात केली. समोर दोन, अंगठ्यांचे. मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांचे. जुने डाग पिवळे पडले होते, परवाच्या प्रयोगातले अजून जांभळे होते. बोट टेकलं की चिमणी डोळे घट्ट मिटायची, पण तोंडातून आवाज काढायची नाही.

दारापाशी स्टुलावर मावशी बसल्या होत्या, मांडीवर नाटकाची वही. दुपारच्या प्रयोगाला अजून पाऊण तास होता. एरवी या वेळेला मावशींची एखादी थाप रंगात आलेली असायची. तीस वर्षं त्या प्रॉम्प्टिंग करत होत्या. म्हणजे विंगेत अंधारात बसायचं, आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानात सोडायचं. या तीस वर्षांत नटांना जेवढी वाक्यं पुरवली, त्याच्या दुप्पट थापा त्यांनी कंपनीला पुरवल्या होत्या. एक नट म्हणे दुसऱ्या अंकातच वारला होता. पण मावशींनी प्रॉम्प्टिंग थांबवलं नाही, म्हणून बिचारा तिसरा अंक पुरा करूनच आडवा झाला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चिमणीच्या नाकातून चहा आला होता.

आज कोणी थाप मागितली नाही.

नाटक तसं साधंच. संशयी नवरा, तरणी बायको. तिसऱ्या अंकात नवरा तिचा गळा दाबतो, ती मरते, आणि मग प्रेताशेजारी बसून तो अठरा मिनिटं पश्चात्ताप करतो. प्रेक्षागृहात रुमाल निघतात ते तेव्हा. मरते ती आणि लोक रडतात त्याच्यासाठी, असं मावशी पहिल्या तालमीपासून कुरकुरत होत्या. मेल्यावर बाईला काम काय, तर श्वास दिसू द्यायचा नाही.

गळा दाबायचीही रीत ठरलेली होती. त्याने तळवे तिच्या खांद्यांवर टेकवायचे, बोटं गळ्याभोवती नुसती ठेवायची, धडपड सगळी तिने करायची. जास्त झालं तर तिने त्याच्या कोपरावर दोनदा बोट वाजवायचं, त्याने हात सैल सोडायचे. पहिले अकरा प्रयोग असंच चाललं. बाराव्याला पहिल्या अंकात चिमणी आत निघाली आणि तिच्या पाठीवर टाळ्या पडल्या. चांगल्या भरघोस. त्या दिवशी तिसऱ्या अंकात तिने कोपरावर चार वेळा बोट वाजवलं.

परवा सतरावा प्रयोग झाला. परवा तिचं बोट वाजता वाजता मध्येच थांबलं. मग भाषण सुरू झालं, लोकांनी रुमाल काढले, आणि विंगेतून मावशींना चिमणीचा एकच पाय दिसत होता, घोट्यापासून पुढचा. तो किती तरी वेळ नुसता पडलेला होता, एखादी चप्पल पडावी तसा. मग एकदम झटकला. मधल्या वेळात आपण कुठे होतो, हे चिमणीला स्वतःलाही सांगता येईना.

"बोललीस का कोणाशी?" मावशींनी विचारलं.

चिमणी घोटभर पाणी प्यायली. गिळताना तिचा चेहरा वाकडा झाला. दिग्दर्शकांशी बोलले, म्हणाली. ते म्हणाले, त्या क्षणी तुझा चेहरा काय दिसतो माहितीये का, ते सोडू नकोस.

मेकअपवालीचं बोट जरा थांबलं. मग परत चालू लागलं.

मावशी उठल्या आणि दिग्दर्शकांना गाठायला गेल्या. ते रंगमंचावर खुर्ची दोन बोटं डावीकडे, मग दोन बोटं उजवीकडे सरकवून बघत होते. मावशींनी सगळं सांगितलं. डाग सांगितले, पाय सांगितला, बेशुद्धीसुद्धा सांगितली. दिग्दर्शकांनी ऐकून घेतलं, तेही हसऱ्या चेहऱ्याने.

"मावशी, मागच्या महिन्यात तुम्ही विंगेत साप बघितलात," ते म्हणाले. "अर्धं नेपथ्य हलवलं आम्ही. वायर निघाली."

"ती थाप होती."

"आणि ही?"

खरं बोलताना चेहरा कसा करतात, तेच मावशी विसरून गेल्या होत्या. तिथून त्या पडदेवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, दिग्दर्शकांची खूण आल्याशिवाय पडद्याला हात लावला तर उद्या मला घरी बसावं लागेल, आणि तुमच्या शब्दावर तर नाहीच नाही.

राहता राहिले नवऱ्याचं काम करणारे राजे.

वीस वर्षं राजांची कामं केली म्हणून ते राजे. राज्य कधीच गेलं होतं, नाव मागे राहिलं होतं. चेहरा अजून देखणा होता, आवाज तर असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या खिशातली नाणी वाजावीत. फक्त एक गोष्ट गेली होती आणि ती मावशी सोडून कोणालाच माहीत नव्हती. राजेंना तीन वर्षांत एक ओळ पाठ झालेली नव्हती. अख्खं नाटक मावशी पुढे बोलायच्या आणि राजे मागून. शब्द कानातून शिरायचा तो थेट जिभेवर यायचा, वाटेत डोक्यात थांबायचाच नाही. वाक्य पोचेपर्यंत राजे गप्प उभे राहायचे, नजर दूर लावून. त्या गप्प राहण्याला लोक 'राजेंचा विराम' म्हणायचे. त्यावर वर्तमानपत्रात लेख आले होते. एका शिबिरात तर राजेंनी तो विराम तरुण मुलांना शिकवलाही होता.

मावशी आत आल्या तेव्हा ते आरशासमोर मिशी चिकटवत होते. मावशींनी दार लोटून घेतलं.

"राजे, तिसऱ्या अंकात हात जरा हलका ठेवा. पोरीचा गळा काळानिळा झालाय."

राजेंनी मिशीचं टोक दाबलं आणि आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मावशींना नंतर वाटलं.

"मावशी," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही शब्द सांभाळा. हात मी सांभाळतो."

पहिली घंटा झाली.

दोन अंक सुरळीत झाले. जरा जास्तच सुरळीत. पहिल्या अंकात चिमणी आत निघाली तेव्हा पुन्हा टाळ्या आल्या, आणि विंगेत येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली, कोणीतरी शिक्षा वाचून दाखवल्यासारखी. टाळ्या थांबाव्यात म्हणून हात जोडणारी नटी मावशींनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. थापेतसुद्धा त्यांनी असली नटी कधी घातली नसती.

तिसऱ्या अंकाआधी चिमणी त्यांच्या स्टुलापाशी येऊन उकिडवी बसली. तिचा हात मावशींच्या हाताला लागला, बर्फासारखा.

"मावशी, आज मी नाही उठले तर भाषण संपेपर्यंत थांबू नका," ती म्हणाली. आणि आपलं नाव पुकारलं गेल्यासारखी उठून उजेडात गेली.

मावशींनी वहीवरचा छोटा दिवा लावला.

प्रसंग सुरू झाला. मावशी वाक्य सोडत गेल्या, राजे बोलत गेले. कुठे होतीस. कोण होता. खोटं बोलू नकोस. चिमणी मागे मागे सरकत टेबलापर्यंत आली. राजेंनी हात उचलले आणि तिच्या गळ्यावर ठेवले. तळवे खांद्यांवर टेकलेच नाहीत.

इथे वहीत नवऱ्याला तीन वाक्यं होती. पहिलं मावशींनी दिलं, ते राजे बोलले. चिमणीचं बोट त्यांच्या कोपरावर वाजलं. दोनदा. जरा थांबून आणखी दोनदा. राजेंच्या मनगटावरच्या शिरा वर आल्या. चिमणीचे डोळे विंगेकडे वळले.

दुसरं वाक्य मावशींनी दिलंच नाही. त्यांना वाटलं, शब्द आला नाही तर हा गडबडेल, हात सोडेल. त्यांनी ओठ आवळून धरले.

राजे गडबडले नाहीत. त्यांनी विराम घेतला. नजर दूर लावली, मान विंगेकडे जराशी कलती केली आणि वाट बघत उभे राहिले. हात होते तिथेच होते. प्रेक्षागृह इतकं शांत झालं की खुर्ची करकरलेली ऐकू आली. पाचशे माणसं श्वास रोखून बसली होती आणि पाचशे एकाव्या माणसाला तो घेताच येत नव्हता. शब्द मिळेपर्यंत राजे हलणार नव्हते. आपण गप्प बसून गळा आवळतोय, हे मावशींना तेव्हा कळलं.

चिमणीचं बोट कोपरावरून घसरलं.

मावशींनी वहीत बघितलं. वहीत जे होतं ते उपयोगाचं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि आतून येईल ते सोडलं.

"हे हात. बघा माझे हे हात."

"हे हात," राजे म्हणाले, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवत, "बघा माझे हे हात."

आणि रंगमंचावरच्या चाळीस वर्षांच्या सवयीने, वाक्याबरोबर हात उचलले गेले. 'आकाश' म्हटलं की मान वर जाते ना, तसे. गळ्यावरून निघाले, वर आले, उजेडात बोटं फाकून उभे राहिले. पाचशे माणसांनी ते बघितले. राजेंनीही बघितले. शब्द जिभेवरून खाली उतरून डोक्यात पोचला तो तेव्हा.

चिमणी टेबलाला धरून खाली बसली आणि खोकायला लागली. खोकला नाटकातला नव्हता. तो थांबेना. हवा आत ओढतानाचा तिचा आवाज, पत्रा ओढत न्यावा तसा, सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू गेला. बायकोने आत्तापर्यंत मेलेलं असायला हवं होतं. ती बसलेली होती, एक हात गळ्यावर ठेवून, आणि नवऱ्याकडे बघत होती.

राजेंनी विंगेकडे बघितलं. नजर दूरबिर लावली नाही, सरळ मावशींकडे बघितलं. बुडणारा माणूस काठावरच्या माणसाकडे बघतो तसं.

मावशींनी वहीत बोट ठेवलं आणि पुढचं वाक्य दिलं. जसंच्या तसं, काना-मात्रा न बदलता. मी तुझ्यावर प्रेमच केलं.

"मी तुझ्यावर प्रेमच केलं," राजे म्हणाले.

चिमणी खोकली.

अठरा मिनिटं मावशींनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. माझंच दुर्दैव. तू मला असं करायला लावलंस. माझ्यासारखा एकटा कोण. प्रेताशेजारी बसून जी वाक्यं लोकांच्या काळजात जात होती, ती जिवंत बाई समोर बसून ऐकायला लागली तशी वाटेतच गळून पडायला लागली. राजेंनी आवाज ओला केला, कंप दिला, गुडघ्यावर आले. एकही रुमाल निघाला नाही. मधल्या रांगेत एक बाई हातांची घडी घालून बसली. मग तिच्या शेजारची. राजेंची नजर पुन्हा पुन्हा विंगेकडे यायची, दुसरं काहीतरी द्या म्हणून, आणि मावशी वहीतलं पुढचं वाक्य द्यायच्या.

पडदा पडला. टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा बराच वेळ थांबल्या नाहीत.

दिग्दर्शक प्रेक्षागृहातून धावत विंगेत आले. ते रागावलेत की हरखलेत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, बहुधा त्यांनाही कळलेलं नव्हतं.

"ते हातांचं कोणाचं डोकं?" त्यांनी विचारलं.

मावशी स्टुलावरून उठल्या नव्हत्या. तीस वर्षं या कोपऱ्यात गेली, ती आता एका वाक्यावर संपणार, हे त्यांना दिसत होतं. राजेंनी त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मग मिटलं. या बाईचं म्हणायचं, तर पुढचा प्रश्न आलाच असता, की तुम्ही तिचं का बोललात.

त्या दिवसातला त्यांचा सगळ्यात लांब विराम तो.

"माझं," राजे म्हणाले. "सुचलं."

दिग्दर्शकांनी मान डोलवली, उद्याच्या प्रयोगात असंच ठेवू म्हणाले आणि ते वहीत लिहून घ्यायला मावशींना सांगून गेले. मावशींनी पेन्सिल उचलली. समासात टोक टेकवलं आणि काही न लिहिता वही मिटली.

राजे गेले नव्हते. ते जवळ आले. मिशीचं एक टोक सुटून लोंबत होतं. मावशींनी अंग चोरून घेतलं, पण राजे वाकले ते कानाशी बोलायला.

"उद्या काय सांगणार आहात?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की दुसऱ्या रांगेतही पोचला नसता.

मावशींनी विचार केल्यासारखं केलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

मागून चिमणी येत होती, गळ्याला ओला टॉवेल लावून, मेकअपवालीच्या खांद्यावर हात टाकून. विंगेतली वाट चांगली रुंद होती. दोघी काय, चौघी गेल्या असत्या. तरी राजे बाजूला झाले, पाठ भिंतीला लागेपर्यंत, आणि त्या जाईस्तोवर त्यांनी दोन्ही हात मागे धरून ठेवले.