सर, तुम्ही नदीत उभे आहात

चार विटा.

संपत आलेला निळा रंग.

माळ्यावरची कबुतरे.

तिसरीच्या मुलांचे नुकतेच धुतलेले पाय.

मुख्याध्यापकांचे काळे बूट.

मित्रांनो, यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते. मी प्राथमिक शाळेतला एक जुना कापडी नकाशा आहे, आणि एवढ्याशा सामानात माझे सगळे आयुष्य मावते.

नकाशा म्हटले की तुम्हाला देश आणि समुद्र आठवतील. माझ्यावर तसले काही नाही. माझ्यावर एकच गाव आहे. शाळा, बाजार, दवाखाना, पूल, पाण्याची टाकी आणि मधून वळणे घेत जाणारी नदी.

आधी मी एका दुकानापुढे सावलीला बांधलेले कापड होतो. दुकान बंद झाले तेव्हा तिसरीच्या बाईंनी मला मागून आणले. त्यांचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवत असे. त्याला सगळे पेंटरदादा म्हणत. दोघे बहीणभाऊ तीन रविवार गाव पावलांनी मोजत फिरले. बाई पावले मोजत, दादा वहीत लिहून घेई आणि मुद्दाम त्यांचा आकडा चुकवी.

"ताई, भूक लागली का गं?"

"दोनशे बारा, दोनशे तेरा... गप रे! चल आता, पुन्हा पुलापासून!"

चौथ्या रविवारी त्याने मला रंगवले. नदी पुलापर्यंत पोचली आणि निळ्या रंगाचा डबा खडखडला. पुढची नदी त्याने हिरवीच केली. "पोरांना सांग, तिथं शेवाळं आहे," असे म्हणून तो हात धुवायला गेला. तेव्हापासून दरवर्षी तिसरीची मुले पुलावरून वाकून शेवाळे शोधतात.

बाईंनी मला काठ्या शिवल्या आणि फळ्याशेजारी टांगले. पट्टी टेकवून त्या शिकवत, "नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर." मुले एका सुरात म्हणत, "वरची बाजू उत्तर!" येणारेजाणारे माझे कौतुक करत. मी ताठ लटकत असे. मला वाटे, नकाशाने एवढेच करायचे असते.

(येथे माझ्यावर एक घडी पडली आहे. त्या घडीत अठरा वर्षे गेली.)

रंग विटले. मुलांची बोटे लागून लागून बाजाराचा चौक पांढरा पडला. मग एका सकाळी तपासणीचे साहेब वर्गात आले. सोबत नुकतेच रुजू झालेले मुख्याध्यापक होते. साहेबांनी सहज विचारले, "सांगा पाहू, उत्तर दिशा कुठे आहे?"

चौतीस हात एकदम वर गेले. सगळी बोटे पंख्याकडे.

साहेबांना हसू आवरेना. "अरे, आणि पंख्याच्या वर काय आहे?"

पुढच्या बाकावर एक मुलगी बसे. ती एका जागी कधी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती उठून म्हणाली, "वर माळा आहे साहेब. तिथं कबुतरं राहतात."

"म्हणजे कबुतरं उत्तरेला राहतात तर!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

साहेब गेल्यावर मुख्याध्यापक माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, हे फडकं काढा उद्या. आपण छापील नकाशा आणू. मावशी, तुम्हाला फरशी पुसायला होईल का हे?"

शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींनी माझा कोपरा चिमटीत धरून पाहिला. "जाड आहे. पाणी चांगलं धरेल."

मित्रांनो, तुम्हाला काय सांगू! माझी नदी तिथल्या तिथे सुकली. ज्या फरशीकडे मी अठरा वर्षे उंचावरून पाहिले, ती आता माझी वाट पाहत होती.

शाळा सुटली. बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तुझा काय दोष?" त्या हळूच म्हणाल्या. "पोरांना छताकडे मीच पाठवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना आधी मैदानात नेले. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे केले. डावा हात पसरायला सांगितला. "हात दाखवतोय ती उत्तर. काल चुकलं ते तुमचं नव्हे, माझं चुकलं. उत्तर छतात नसते."

मग वर्गात बाके भिंतीला लागली. बाईंनी मला खिळ्यावरून उतरवले आणि फरशीवर अंथरले. माझी वरची बाजू त्यांनी दाराकडे केली, कारण खरी उत्तर दाराकडे होती. "पाय धुऊन या," त्या म्हणाल्या.

पहिली आली भिंगरी. ओले पाय फ्रॉकला पुसून ती माझ्यावरच्या शाळेच्या चौकोनात, दाराकडे तोंड करून उभी राहिली. "बाई, टाकी माझ्या उजव्या हाताला येते." ती थांबली. मग उजवीकडच्या खिडकीकडे धावली. "बाई! टाकी खरंच तिथंच आहे!"

"अगं, टाकी कुठं जाणार?"

"तसं नाही बाई! नकाशातली पण तिथंच आहे!"

मग काय, सगळ्यांनाच आपापले घर शोधायचे होते. माझ्या पाठीला फरशीचा गारवा लागत होता, पोटावर मुलांची पावले पडत होती, आणि आपण नकाशा आहोत हे मला पहिल्यांदाच कळत होते.

तेवढ्यात मुख्याध्यापक आत आले. मागे बादली घेऊन मावशी.

"सर, थांबा!" भिंगरी ओरडली. "तुम्ही नदीत उभे आहात! बुटांसकट!"

सरांनी दचकून खाली पाहिले. मावशींनी पदर तोंडाला लावला. सर मागे सरकले, वाकले आणि नाड्या सोडू लागले. नुसत्या मोज्यांनी ते पुलावरून बाजारात आले, तिथून टाकीपर्यंत गेले. मग खाली बघतच त्यांनी विचारले, "माझं घर कुठंय यात?"

"तुमची कॉलनी नवी आहे सर, म्हणून नाही. काढू?"

बाईंनी भिंगरीच्या हातात खडू दिला.

मावशी बादली उचलून निघाल्या. "माझं जुनं फडकंच बरं," त्या म्हणाल्या.

आता मी दर शुक्रवारी अंथरला जातो. बाईंचा, सरांच्या बुटांचा, त्या कबुतरांचासुद्धा मी ऋणी आहे. मित्रांनो, तुमच्या वर्गातही माझा कोणी भाऊबंद टांगलेला असेल. त्याला अधूनमधून खाली उतरवा, खऱ्या उत्तरेकडे वळवा. पाय धुऊन या. आणि नंतर त्याची घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. घडीवर रस्ते तुटतात.

पेंटरदादाने मला अंगणात, जमिनीवर अंथरून रंगवले होते. पहिला ब्रश टेकवण्याआधी त्याने माझी वरची बाजू उत्तरेकडे केली आणि मी हलू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या.