अब्बांना काहीच आवडत नाही

आमच्या मंगळवारच्या बैठकीचा नियम एकच आहे, आणि तो पाळणं कुणालाच जमत नाही. आठवडाभरात जे ऐकलं त्यातलं एक आणायचं, माझ्या स्पीकरवर लावायचं, आणि ते संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. बस. यात अवघड काय आहे, ते मला कुणीतरी सांगावं.

कळंबला हायवेच्या कडेला माझं साऊंड सर्व्हिसचं गोडाऊन आहे. लग्न, यात्रा, वाढदिवस, पुढाऱ्याचं भाषण, सगळीकडं माझे बॉक्स जातात. लोकांना आवाज लागतो, बाकी काही नाही. "जुबेर, अजून वाढव की" यापलीकडं इतक्या वर्षांत मला कुणी काही म्हटलेलं नाही. म्हणून मंगळवारी दुपारी कामं नसतात तेव्हा बेताच्या आवाजात काहीतरी नीट ऐकायचं, एवढीच माझी चैन.

पण येणारी माणसं बघा. गेणभाऊ महाळुंगे पडवळवरून येतात. तिथल्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवतात. फोनवर स्वतःच रेकॉर्ड केलेलं भजन आणतात, त्यात भजनापेक्षा खोकलाच जास्त, आणि वर चालू भजनात सांगतात, "हा खोकला आमच्या पोलीस पाटलाचा." सुदर्शन टोमॅटोची पिकअप चालवतो. त्याला जगातलं कुठलंही गाणं अर्ध्यापर्यंतच माहीत, कारण मुखडा झाला की याचं बोट पुढच्या गाण्यावर. नूतनताईंचं चौकात ब्युटी पार्लर आहे. मुलीच्या नादानं त्या कोरियन गाणी ऐकायला लागल्यात, आणि गाणं लावायच्या आधी त्यातल्या कुठल्या पोराचं कुणाशी बिनसलंय ते आम्हाला सविस्तर समजावतात. या सगळ्यांवर मी चिडतो, ओरडतो, आणि बुधवारपासून पुन्हा मंगळवारची वाट बघतो.

त्यात अब्बा आले.

माझे वडील, राजमहंमद, जुन्नरच्या एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. जुन्नर-आंबेगावात त्यांनी किती वराती वाजवल्या असतील याला गणती नाही. दम्यानं छाती धरली तसं वाजवणं सुटलं, आणि अम्मी गेल्यावर मी त्यांना कळंबला आणलं. घरी ते दिवसभर टीव्हीशी भांडायचे. साबणाच्या जाहिरातीतलं गाणंसुद्धा सोडायचे नाहीत. शेवटी माझी बायको अमरीन हात जोडून म्हणाली, "त्यांना तुमच्या त्या मंगळवारी घेऊन जा. एक दुपार तरी माझ्या कानांना सुट्टी द्या."

मी नेलं. तिथंच फसलो.

अब्बा नियम पाळतात, हे मान्य करायला हवं. गाणं संपेपर्यंत डोळे मिटून गप्प. पहिल्या मंगळवारी गेणभाऊंचं भजन संपलं आणि अब्बांनी डोळे उघडले.

"बुवा वरच्या पट्टीत चढला, ते त्याला झेपलं न्हाई. आन पखवाज नुसता त्याच्यामागं पळत व्हता."

पखवाज गेणभाऊंचा होता. गेणभाऊंचा चेहरा पडला. सुदर्शनच्या गाण्यावर अब्बा म्हणाले, "ह्यो गातोय का कुनाला दम देतोय?" नूतनताईंच्या कोरियन पोरांवर म्हणाले, "मशीननं गळा सरळ केलाय. मानसाचा गळा असता तर कुठंतरी थरथरला असता." मी बासरीची एक जुनी मैफल लावली. ती मला जिवापाड आवडते, रात्री ट्रकमधून सामान आणताना मी तीच ऐकतो. अब्बा म्हणाले, "मधी झोप लागली व्हती त्याला."

असं दर मंगळवारी. एकदा वा नाही, एकदा छान नाही.

मग नूतनताई येईनाशा झाल्या. पार्लरला गर्दी आहे म्हणाल्या. मी जाऊन बघितलं तर त्या एकट्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून फोन बघत होत्या.

"जुबेरभाऊ, दिवसभर मी बायकांची कुरकुर ऐकते," त्या म्हणाल्या. "भुवई जाड झाली, बारीक झाली. एक दुपार आवडीचं ऐकायला येते, तर तिथंही कुणीतरी नापास करायला बसलेलंच!"

गेणभाऊ येत होते, पण भजन आणायचे नाहीत. नुसते शेंगदाणे खात बसायचे. सुदर्शन तर तोंडावर बोलला, "भाऊ, एकतर चाचा, नायतर आमी. तुमीच ठरवा."

माझं डोकं फिरलं. जिवाला थोडा विरंगुळा म्हणून जमवलेली ही चार माणसं, आणि माझाच बाप ती एकेक करून पळवून लावत होता. त्यांना घरी बसवावं तर अमरीन माहेरी निघून जाईल. जेवताना मी अब्बांना म्हणालो, "एखाद्याला जरा बरं म्हटलंत तर तुमचं काय जाईल?"

"बरं असलं तर म्हनीन की," अब्बा म्हणाले, आणि भाकरी मोडायला लागले.

याच सुमारास गेणभाऊंनी त्यांच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट मंचरच्या एका फोटो स्टुडिओतून पेन ड्राइव्हवर करून आणली. त्यांच्या वरातीला अब्बांचाच बँड होता. ते कळल्यावर सुदर्शनचे डोळे चमकले. "चित्र दाखवायचंच नाय. नुसता आवाज लावायचा. चाचा स्वतःलाच शिव्या घालत्याल, मग सांगू कोन वाजवतंय त्ये."

मी एका पायावर तयार झालो. मुलगा म्हणून लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. नूतनताईंना फोन केला, तर त्या हातातलं गिऱ्हाईक उरकून धावत आल्या.

"अब्बा, हे मी या आठवड्यात ऐकलं," मी म्हणालो. "कुठल्यातरी वरातीचं आहे."

अब्बांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी लावलं. फटाके, जनरेटरची घरघर, शिट्ट्या, कुणीतरी कुणालातरी हाका मारतंय, आणि त्या सगळ्याच्या वर क्लॅरोनेट. त्या दिवशी मात्र एकानंही तोंड उघडलं नाही. गेणभाऊंचे शेंगदाणे हातातच राहिले. सुदर्शन हसू दाबून लालबुंद झाला होता. आम्ही सगळे अब्बांकडं बघत होतो. अब्बांच्या छातीतून दम्याची बारीक शिट्टी येत होती, बाकी हालचाल नाही.

संपलं. अब्बांनी डोळे उघडले.

"घाई केली," ते म्हणाले. "सूर लागायच्या आदीच निघाला. मधी श्वास तुटला, तो लपवायला जोरात फुंकलं. आन शेवट तर केलाच न्हाई. कुनीतरी नोटा उडवल्या, तिकडं बघत बसला, तवर ढोलवाल्यांनी उचललं."

"चाचा!" सुदर्शन उडालाच. "वाजवनारा कोन व्हता म्हाईतंय का? तुमी!"

मी हाताची घडी घालून उभा होतो. आता अब्बा ओशाळतील आणि माझा मंगळवार मला परत मिळेल, अशी माझी खात्री होती.

"म्हाईतंय की," अब्बा म्हणाले. "पहिल्याच फुंकरीला वळखलं. गेणभाऊंची वरात. पुढं गावच्या येशीपाशी जनरेटर बंद पडला व्हता."

सुदर्शनचं हसू जागच्या जागी विरलं. मला मात्र अजूनच संताप आला. "मग माहीत असून नावं ठेवलीत?"

"का? मी वाजवलं म्हनून सूट द्यायची व्हय?"

ते थांबले. श्वास जमवला.

"जुबेर, उभा जन्म मी वरातीत वाजवलं. चांगलं वाजवलं तवा लोक नाचले. चुकलो तवाबी तीच लोकं तशीच नाचली. राजमहंमद, आज तू चुकलास, असं मला एका मानसानं कदी म्हटलं न्हाई. म्हननार कसं? ऐकत कोन व्हतं?"

त्यांनी आम्हा सगळ्यांवर नजर फिरवली.

"हितं आलो आन बघितलं, तुमी बसून ऐकता. मला लई बरं वाटलं. म्हनलं, आपनबी ह्यांचं नीट ऐकायचं आन कानाला आलं त्ये सांगायचं. नुसतं वा वा करून उठायचं न्हाई." मग ते पुढं सरकून बसले. इतक्या उत्सुकतेनं त्यांना कुणाकडं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. "आज माझं ऐकलंत. पहिल्यांदाच कुनीतरी बसून ऐकलं. आता सांगा बरं, मी सांगितलं त्ये सोडून अजून कुठं चुकलं?"

गेणभाऊंनी घसा साफ केला. "कुटं काय राजूभाई, लई भारी वाजवलंत की."

"नाचनारेबी हेच म्हनायचे," अब्बा म्हणाले.

त्यांनी नूतनताईंकडं पाहिलं. "मला आवडलं, चाचा," त्या हळूच म्हणाल्या आणि खाली बघायला लागल्या. सुदर्शननं फोन बाहेर काढला आणि परत खिशात ठेवला. मग अब्बा माझ्याकडं वळले.

"तू तर साऊंडवाला. तुझा कान तयार. तू सांग."

मी आठवायला लागलो. एक सूर आठवेना. सगळा वेळ मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, ते कधी फसतात याची वाट बघत. माझ्या गोडाऊनमध्ये, माझ्या स्पीकरवर माझा बाप वाजत होता आणि माझं लक्षच नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं असंही मनात आलं, पण अब्बांना ते लगेच कळलं असतं.

"अब्बा," मी म्हणालो, "मी ऐकलं नाही."

ते हळूहळू मागं टेकले.

"असू दे," ते म्हणाले. "सवय हाय मला."

आणि खुर्चीखाली पायानं चपला चाचपायला लागले.