ताशी तीनशे चाळीस, चालत

मानवजातीच्या इतिहासात वेगाचे दोन कालखंड पडतात: आमच्या गाडीच्या आधीचा आणि आमच्या गाडीच्या नंतरचा. आमच्या माहितीपत्रकाचं हे पहिलं वाक्य. ते मीच लिहिलं, तेव्हा गाडीत इंजिन बसायचं होतं. त्या दुसऱ्या कालखंडाला यंदा एकोणीस वर्षं झाली. त्यात सहा गाड्या विकल्या गेल्या आणि सातवी शेडमध्ये उभी होती.

आम्ही तिघं उरलो होतो. मालक बाल्दिरी, आतलं चामडं शिवणारी रेमेई, आणि पत्रा ठोकण्यापासून पत्रं लिहिण्यापर्यंत बाकीचं सगळं करणारा मी. पलीकडच्या डुकरांच्या खाद्याच्या कारखान्याला गोदामासाठी आमची शेड हवी होती. ऑगस्टच्या सुट्टीआधी सातवी गाडी गेली नाही, तर सप्टेंबरात आमचं शटर ते उघडणार, असं ठरलं होतं. बाल्दिरी त्यावर चिडतही नव्हता. चिडायलासुद्धा माणसाची जरा झोप झालेली असावी लागते.

अशात लोझानहून शापुई नावाचे गृहस्थ गाडी बघायला यायचे ठरले. बाल्दिरीने त्यांना दहा जुलै ही तारीख दिली.

"सांत क्रिस्तोफोलच्या दिवशी?" रेमेई सुई न थांबवता म्हणाली. "अख्ख्या गावाच्या गाड्या चर्चपुढे रांगेत असतात त्या दिवशी."

"म्हणूनच. आशीर्वाद घ्यायचा आणि थेट हायवे. पाच मिनिटांचं काम. मोसेनशी बोललोय. आपला नंबर पहिला."

"मागच्या वर्षी माझाही पहिलाच होता. माझ्यापुढे खताचा टँकर होता."

पण सहाच्या सहा गाड्या मोसेनच्या, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांच्या, हातचं पाणी अंगावर घेऊनच गावाबाहेर पडल्या होत्या. बाल्दिरी देव मानत नाही. पण सांत क्रिस्तोफोल हा गाड्यांचा राखणदार संत, त्याच्याशी वाकडं घ्यायची मात्र त्याची तयारी नव्हती.

शापुई आले. सत्तरीचे, उंच, कंबर धरून चालणारे. गाडी जमिनीपासून चार बोटं वर, त्यामुळे त्यांना आत बसवायला आम्ही दोघं लागलो. बाल्दिरी स्टिअरिंगवर बसला. शापुईंना फक्त फ्रेंच येत होतं. मी आठ वर्षं फ्रेंच बोलणाऱ्या पेर्पिन्याँला काढलेली, पण गाडीत तिसरी सीट नव्हती.

"तू मागून ये," बाल्दिरी म्हणाला आणि गुरगुराट करत निघून गेला.

पहिल्याच वळणावर मी त्यांना चालत गाठलं. मोसेननी पहिला नंबर आणखी बऱ्याच जणांना दिला होता. पुढे गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रॅक्टर, मागे पाववाल्याची व्हॅन, दोन्ही बाजूंना माणसं. दर दोन मिनिटांनी गाडी तीन पावलं सरके. मी पाण्याचा कॅन घेऊन खिडकीशी चालत राहिलो, कारण आमच्या इंजिनाला थंड राहायला वारा लागतो आणि तो वारा ताशी शंभरच्या पुढे सुरू होतो.

"बाल्दिरी, दमला असशील तर ढकलू का?" ट्रॅक्टरवरून नार्सीसने विचारलं.

"काय म्हणाले ते?" शापुई.

"शुभेच्छा देतोय," मी म्हणालो.

फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेल्या बायकांपैकी एक उठली आणि खिडकीतून आत डोकावली. "बिचारे. फार त्रास होतोय का त्यांना? असं आडवं घालून नेताय ते."

"गाडीचा आकार आवडला म्हणते," मी सांगितलं.

एक तास वीस मिनिटांनी चर्च आलं. मोसेन लेओंसींनी बादलीत कुंचा बुडवला, उचलला आणि हात तसाच थांबवला.

"ही मागच्या वर्षीचीच ना रे? आणि त्याच्या आदल्या वर्षीची? हिचं झालंय, बाळा. घे पुढे."

बाल्दिरीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. शापुई माझ्याकडे बघत होते.

"फादर म्हणतात, संत हिला चांगलं ओळखतात."

बाल्दिरीकडे बघून मोसेनना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कुंचा पुन्हा बुडवला आणि सढळ हाताने मारला. निम्मं पाणी शापुईंच्या मांडीवर गेलं.

हायवेचा रस्ता परतणाऱ्या ट्रॅक्टरांनी भरला होता आणि तापमानाचा काटा लाल रंगात शिरला होता. बाल्दिरीने गाडी मुकाट्याने शेडकडे वळवली. एकूण प्रवास दीड किलोमीटर, वेळ पावणेदोन तास.

शेडमध्ये त्याने इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही.

"त्यांना सांग, जेवून जा म्हणावं," तो मला म्हणाला. "दुसरं काय सांगणार."

शापुई मात्र उतरले. एकटेच, कुणाचा हात न धरता. उभे राहून त्यांनी कंबर डावीकडे वळवली, मग उजवीकडे. मग म्हणाले, अकरा वर्षांत मी वीस मिनिटांच्या वर कुठे बसू शकलेलो नाही. ही सीट कोणी केली?

मी रेमेईकडे बोट दाखवलं.

"काय झालं सीटला?" रेमेई म्हणाली. तिला भांडण आधी सुरू करून ठेवायची सवय आहे.

शापुई बोलत राहिले, मी ऐकत राहिलो.

"घेतायत का?" बाल्दिरीने आतूनच विचारलं.

"घेतायत. बारा."

बाल्दिरी बाहेर आला. "बारा गाड्या?"

"बारा खुर्च्या. अशाच्या अशा. त्यांच्या कंपनीत मीटिंगच्या टेबलाभोवती ठेवायला. सप्टेंबरपासून, महिन्याला दोन."

रेमेईने भिंतीवर टांगलेली कातडी नजरेने मोजली. सप्टेंबरात शटर आपणच उघडणार, ही बातमी बाल्दिरीच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला वेळ लागला, आणि पोचल्यावर तिचं काय करायचं ते चेहऱ्याला सुचेना. शेवटी त्याने हात पुढे केला.

शापुईंनी तो धरला आणि जरा संकोचून आणखी एक वाक्य बोलले.

"आता काय?" बाल्दिरी म्हणाला.

"विचारतायत, खाली चाकं लावून मिळतील का. छोटी असली तरी चालतील."