पहिला इंच नसलेली टेप

ज्या दुकानात चाळीस वर्षं राबले, तिथल्या सूनबाईंनी मला न विचारता चिंध्यांच्या पिशवीत टाकलं. मित्रांनो, ही कुठली रीत? मी एक जुनी शिवणकामाची टेप आहे. माझी शाळा साठ आकड्यांची, त्यापुढचं मला येत नाही. पण तेवढ्यावर मी अख्खी वस्ती कपड्यांत बसवली.

जन्म कारखान्यातला, पण वाढले सासूबाईंच्या गळ्यात. दुकान त्यांचंच. दुसऱ्याच वर्षी माझं पितळी टोक निखळलं, सुतं सुटली. सासूबाईंनी मला एकच्या आकड्यावर कापून टोक शिवून टाकलं. तेव्हापासून छाती चौतीस असली की मी पस्तीस सांगते. त्या माझ्यावरच माप घेत आणि माझ्यावरच कापत, म्हणून कपडा अंगावर चपखल बसे. माझं कौतुक त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. इंच गेल्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. त्यांना कमीपणा वाटायचा.

सूनबाई हुशार, खोटं कशाला बोलू? वह्या हरवतात म्हणून त्यांनी दुकानापुरतं एक पोर्टल बनवलं. पासवर्ड टाकल्याशिवाय उघडायचं नाही. आत गिऱ्हाइकं, मापं, तारखा, सगळं जागच्या जागी.

"आई, नाव टाकलं की माप समोर."

"आणि वीज गेली की माणूस उघडा," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा मीही हसले. मग दवाखान्याचं काम आलं, चाळीस नर्सचे कोट. मापं सासूबाईंनी माझ्यावर घेतली आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या आठ दिवस घरी बसल्या. सूनबाईंनी वहीतले आकडे पोर्टलात भरले, कारागिरांना नव्या कोऱ्या टेपा दिल्या आणि मला पिशवीत टाकलं.

टोक तेवढं बाहेर लोंबत होतं. मी कोट कापताना पाहत होते. एक, दहा, चाळीस. प्रत्येक इंचभर मोठा. ओरडायला तोंड नाही, धरायला हात नाही. मित्रांनो, असा जीव कुणाचा तडफडू नये.

काल मोठ्या नर्सबाई पाहायला आल्या. कोट घातला तर बाह्या बोटांवर, खांदे उतरलेले.

"हा कुणाचा? माझ्या नवऱ्याचा? परवा नीट मिळाले नाहीत तर काम दुसरीकडे जाईल."

सूनबाई पोर्टल पुन्हा पुन्हा उघडत होत्या. आकडे वहीबरहुकूम. तेवढ्यात चिंधीवाल्यानं पिशवी खांद्यावर घेतली. मी म्हटलं, संपलं. मी गेले आणि माझ्यामागे दुकानही गेलं.

दारात काळा चष्मा लावलेल्या सासूबाई उभ्या. त्यांनी बाही चिमटीत धरली आणि हळूच विचारलं, "माझी टेप कुठंय?"

सूनबाईंनी पिशवीकडे पाहिलं.

"ठेव रे ती खाली."

त्यांनी मला ओढून काढलं आणि नव्या टेपेशेजारी टेबलावर पसरलं. सूनबाईंना माझा तुटका इंच दिसला आणि त्या मटकन खाली बसल्या.

मित्रांनो, जुनं टाकायचं तर खुशाल टाका. पण आधी त्याची खोड विचारून घ्या. आणि विचारायला कुणी येईल म्हणून वाट पाहू नका, आपणहून सांगा.

सासूबाईंनी मला गळ्यात घातलं आणि सुनेला म्हणाल्या, "ऊठ. सैल झालेत म्हणून वाचलो, तोकडे झाले असते तर तोंड लपवावं लागलं असतं. तू उसव, मी शिवते. तुझं पोर्टल खोटं बोललं नाही, त्याला सांगणारीनं मला विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही, ते माझं चुकलं. हे आत्ता ऐकलंस तेवढंच, पुन्हा म्हणणार नाही."