रिकामं फंक्शन

२००७ साली हिंगोलीत विश्वंभर सरांच्या छोट्या कारखान्यात सुकन्या आणि प्रतिक्षा या चुलत बहिणी एकाच टेबलावर काम करत. दोघी शिरड शहापूरच्या, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातून नांदेडला जाऊन इंजिनीअर झालेल्या. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र बसायचं होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, दोघींनीही लिहिला. सरांनी प्रतिक्षाचा निवडला. प्रतिक्षाच्या आईनं गल्लीभर पेढे वाटले. सुकन्यालाही एक खावा लागला.

तेव्हापासून ती प्रतिक्षाच्या कोडमध्ये खोट शोधत होती. ती सापडलीही. यंत्राच्या मूळ प्रणालीतला, म्हणजे लिनक्स कर्नलमधला, वीज वाचवण्याचा पर्याय चालू असला तरच तो ड्रायव्हर कंपाइल होऊन यंत्रावर चालण्याजोगा व्हायचा, आणि कालव्यावरच्या लहान यंत्रात तो पर्याय बंद ठेवायचा होता. सुकन्या कुणाला काही बोलली नाही.

यंत्र पाठवायच्या दिवशी प्रतिक्षानं त्याच्यासाठी कंपाइल लावलं आणि स्क्रीन चुकांनी भरली. ड्रायव्हर वीज वाचवणाऱ्या ज्या फंक्शनला बोलावत होता, ते पर्याय बंद असल्यानं कर्नलमध्ये नव्हतंच. प्रतिक्षाचा चेहरा उतरला. सुकन्याला बरं वाटलं. इतकं, की तिनं मान खाली घातली.

प्रतिक्षा दिसेल त्या ओळीला 'पर्याय चालू असेल तरच' अशी अट घालू लागली. कोडला ठिगळं पडत चालली. सुकन्याला ते बघवेना.

"जागोजागी अट काहून घालून राहिली? हेडरच्या सामाईक फाइलमधी एकदाच घाल. पर्याय बंद असला की त्याच नावाचं रिकामं फंक्शन दे. ते काही न करता 'सगळं ठीक' म्हणून शून्य परत देतं. बाकी कोडला हात लावू नको."

प्रतिक्षानं तसं केलं. कंपाइल झालं.

"तुला आधीच ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मंग बोलली काहून न्हाई?"

"सरांनी तुझा निवडला म्हणून."

सर आले तेव्हा प्रतिक्षा सरळ म्हणाली, "सर, हे सुकन्यानं दुरुस्त केलं. मला जमत नव्हतं."

सरांनी कौतुक केलं. सुकन्याला ते गोड लागलं नाही. आपल्या तोंडून असं वाक्य निघालं नसतं, हे तिला कळत होतं, आणि आता तिला प्रतिक्षाच्या त्या सरळपणाचाही हेवा वाटू लागला.

संध्याकाळी गावी जाणाऱ्या एसटीत प्रतिक्षानं रोजच्यासारखी सुकन्यासाठी जागा धरली नाही. ती पुढं एका बाईशेजारी बसून तिच्या लेकराला हसवत होती. सुकन्या मागं दांडा धरून उभी राहिली आणि वाटेतलं औंढा येईपर्यंत प्रतिक्षाकडंच बघत राहिली.